तुपासाठी थांबलेली पंगत

गुलाबदाणी घेतलेल्या बाईंनी मला दारातच अडवलं.

"तुम्ही कुणाबरोबर आलाय?"

"मी लेखक आहे," मी म्हणालो.

"कशाचे?"

"आत जो सिनेमा लागणार आहे, त्याचा."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, "बरं, जावा" म्हणाल्या आणि माझ्या चष्म्यावरच गुलाबपाणी शिंपडलं. कऱ्हाडच्या त्या टॉकीजमध्ये त्या रविवारी दुपारी दोनशे बायका होत्या. पुरुष म्हणाल तर मी, डोअरकीपर आणि वर मशीनवरचा माणूस. महिला मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि मंडळानं बाराचा अख्खा खेळ स्वतःसाठी ठरवून घेतला होता. मंडळाची सेक्रेटरी माझी धाकटी बहीण रजनी. दादानं लिहिलेला सिनेमा गावात लागलाय एवढं कळल्यावर तिनं तो न बघताच सगळ्यांना आवतण दिलं. तिचा माझ्यावर विश्वास होता. पुढच्या तीन तासांत तो बराच कमी झाला.

या गोष्टीला आता वीस-बावीस वर्षं झाली. मी तेव्हा पाटबंधारे खात्यात क्लार्क होतो आणि ऑफिसच्या स्पर्धांसाठी एकांकिका लिहायचो. त्यातली एक पुण्याच्या हेमंत वर्तक नावाच्या माझ्या मित्रानं उचलली आणि तिचा सिनेमा केला. नाव 'तूप येतंय'.

सिनेमा असा. लग्नात विहिणींची पंगत बसली आहे. भातावर वरण पडलंय आणि तूप संपलंय. तूप पडल्याशिवाय मुलाची आई घास घेणार नाही. तिनं घास घेतल्याशिवाय मुलीची आई घेणार नाही. आणि या दोघी जेवून उठल्याशिवाय बाकी कुणी उठायचं नाही. तूप आणायला गेलेला वाढपी काही येत नाही, म्हणून पंगत बसते ती बसतेच, चांगली दोन वर्षं. पोस्टमन 'पंगतीत, पान नंबर चौदा' अशा पत्त्याची पत्रं आणून देतो. नव्या नवरीला मूल होतं, त्याचं बारसं पंगतीतच होतं. तिकडे वाढपी तुपासाठी एका म्हशीमागे गावोगाव हिंडत असतो, आणि दर पाच मिनिटांनी मांडवाबाहेरून कुणीतरी ओरडतं, "तूप येतंय!"

लोकांना हे कसं वाटलं? पुण्यात एका पेपरनं 'अफलातून' लिहिलं. दुसऱ्यानं लिहिलं, 'हा सिनेमा कुणासाठी काढला आहे ते समजल्यास कळवावे.' माझ्या साहेबांनी मध्यंतरातच घर गाठलं आणि सोमवारी मला पोट बिघडल्याचं सांगितलं. मात्र एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. भलत्याच टोकाकडून तूप वाढायला का सुरुवात केली, याचं वाढपी शेवटी जे कारण सांगतो ते काही पटत नाही. हेमंतनंही शूटिंगच्या आधी दोनदा म्हटलं होतं, "जयसिंग, हे कारण कच्चं आहे. दुसरं शोध." मी शोधलं नाही.

का शोधलं नाही, ते सांगायचं तर आधी रजनीचं लग्न सांगावं लागेल.

लग्न त्या रविवारच्या अकरा वर्षं आधी आमच्या ओगलेवाडीला झालं. सगळं व्यवस्थित पार पडलं, विहिणींच्या पंगतीपर्यंत. रजनीच्या सासूबाई, अंबुताई पिसाळ, पंगतीच्या वरच्या टोकाला चांदीच्या ताटावर बसल्या होत्या. त्यांनीच आग्रह केला म्हणून माझी आईही बसली, अगदी खालच्या टोकाला. मध्ये चाळीस पानं. तूप पहिल्यांदा मुलाच्या आईला वाढायचं असतं हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक असतं. पण वाढपी खालच्या टोकाकडून सुरू झाला. आईच्या पानावर पहिली धार पडली, आणि अंबुताईंपासून दोन पानं अलीकडे भांडं रिकामं झालं. नवीन डबा फोडून वाढपी परत येईपर्यंत अंबुताई कोरड्या भाताकडे बघत बसल्या. मग त्यांनी तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले आणि एक घासही न घेता पानावरून उठल्या.

त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. ओगलेवाडी आणि कऱ्हाड यांत अंतर किती, तर रिक्षात बसून एक सुपारी कातरून होत नाही एवढं. पण आई रजनीच्या घरी गेली तरी दारातच उभी राहायची, नातीचा पापा घ्यायची आणि पाणीही न पिता परत यायची. तिळगुळाच्या डब्या दर वर्षी दोन्हीकडून जायच्या, पण रजनीच्या हातून.

"दादा, इकडं ये," रजनीनं मला लॉबीतल्या खांबाआड ओढलं. काळी चंद्रकळा, हातात याद्या, कपाळावर घाम. "आई आली. आत्याबाई पण आल्यात." सासूबाईंना ती आत्याबाई म्हणायची. "दोघींना बाल्कनीत पहिल्या रांगेत बसवलंय. मध्ये मी."

"एका रांगेत?"

"मग? नवीन घराची वास्तुशांत माघात आहे. मला दुसरं काही नको, फक्त आई माझ्या घरात पानावर बसून जेवली पाहिजे. अकरा वर्षं झाली रे, मी सणाला गोड केलं की माझ्याच घशाखाली उतरत नाही." तिचे डोळे भरून आले आणि ते तिनं याद्यांनी पुसले. "आज दोघी एका जागी बसून हसू देत. मध्यंतरात मी विषय काढते. विनोदी आहे ना सिनेमा?"

"आहे. पण रजनी, त्यात एक पंगत आहे."

"असू दे की. पंगत कुठं नसते?"

"तशी नव्हे..."

"अगं ए, वाणाच्या वाट्या एका बाईला एकच द्या!" असं ओरडत ती गेली. वाण म्हणून तिनं सिनेमाच्या नावाला साजेशा तुपाच्या स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या.

मी तिच्या मागं धावत जाऊन सांगू शकलो असतो. तेवढा वेळ होता. पण आयुष्यात जिथं जिथं तोंड उघडायची वेळ आली तिथं तिथं मी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला आहे. तेव्हाही तेच केलं.

वर बाल्कनीत गेलो तेव्हा आईनं मला पाहून हात केला. तिच्या ओटीत वाटी, मांडीवर पिशवी. "जयसिंगा, डेअरीचा पिच्चर हाय न्हवं?"

पोस्टरवर म्हैस होती. तिनं विचारलं तेव्हा मीच तिला 'म्हशीवर आहे' एवढं सांगितलं होतं.

रजनीच्या पलीकडून अंबुताई समोरच्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "रजनी, तुझ्या भावाला म्हणावं, लई नाव काढलंस."

"रजनी," आईही पडद्याकडेच बघत म्हणाली, "तुझ्या सासूबाईंना म्हणावं, तुमचा आशीर्वाद."

मी त्यांच्या मागं, अगदी शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. दिवे गेले.

पहिली दहा मिनिटं फार छान गेली. मांडव, सनई, नवरदेवाचा रुसलेला काका. बायका खळखळून हसत होत्या. मग पडद्यावर पंगत बसली. वाढपी तुपाचं भांडं घेऊन आला, एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं बघितलं, आणि खालच्या टोकाकडे चालू लागला.

पहिल्या रांगेतल्या तीन डोक्यांकडे मी पाहिलं. मधलं डोकं हळूहळू खाली गेलं, आणि दोन्ही बाजूंची डोकी जिथल्या तिथं ताठ झाली.

बाकीच्या थिएटरमध्ये मात्र काय चाललंय ते कळेना. 'पान नंबर चौदा'वर अर्धी बाल्कनी टाळ्या वाजवत होती आणि अर्धी एकमेकींना विचारत होती, "म्हंजी? अजून बसल्यातच व्हय?" खालून एक बाई दर वेळी "तूप येतंय!" झालं की हसत सुटायची, इतकी की शेजारणी तिला पाणी पाजत होत्या. दुसरी एक बारशाच्या प्रसंगाला हमसून हमसून रडत होती. तिथं रडण्यासारखं आम्ही काहीही ठेवलेलं नव्हतं.

मध्यंतर झालं. लॉबीत उसाचे करवे आणि बोरं वाटत होते, आणि प्रत्येकीचं मत मला ऐकावंच लागत होतं.

"तुम्हीच का हो लेखक?" जिन्यावर निवृत्त मुख्याध्यापिका सोमणबाईंनी मला गाठलं. "मला एवढंच सांगा, यातून बोध काय घ्यायचा?"

"असा काही बोध नाही, बाई."

"मग काढला कशाला?"

"मला तर लई आवडला," एक जाडजूड बाई मध्येच म्हणाल्या. "म्हशीनं काम काय झ्याक केलंय!"

"माझं डोकं उठलंय," तिसरी म्हणाली. "तूप शेवटी येतंय का न्हाई तेवढं सांगा, म्हंजी मी घरला जाते. दोनला नळाला पाणी येतं."

"येतं," मी म्हणालो.

"नळाला?"

"तूप."

"मग झालं तर," म्हणून ती खरंच निघून गेली.

तेवढ्यात रजनी आली. तिच्या चेहऱ्याकडे बघून आजूबाजूच्या बायका आपोआप बाजूला झाल्या.

"माझं लग्न पडद्यावर लावलंस?" तिचा आवाज इतका बारीक होता की ओरडली असती तर बरं झालं असतं. "दादा, तो वाढपी म्हणजे तू आहेस."

"हो."

"आमच्या लग्नात तूप तूच वाढत होतास. आणि तेच सगळं तू लिहिलंस, वर लोकांना हसवतोयस."

"मला वाटलं होतं, हसण्यावारी जाईल. मला कुणापुढं बोलता येत नाही गं. म्हणून लिहिलं."

"दोघी जागेवरनं हलायला तयार नाहीत. आई उठत नाही, कारण आत्याबाई बसल्यात. आत्याबाई उठत नाहीत, कारण आई बसलीय. दोघींच्या पिशव्यांत बोरं मीच नेऊन टाकली." ती आणखी जवळ आली. "मला एक सांग. त्या दिवशी तू खालच्या टोकाकडनं का सुरू केलंस? मला खरं सांग."

"सावली होती तिकडं," मी म्हणालो. "ऊन फार होतं."

रजनीनं माझ्याकडं बघितलं, "वास्तुशांतीला तू पण येऊ नकोस" म्हणाली आणि वर गेली.

दुसरा भाग सुरू झाला तेव्हा बाल्कनीतल्या वीसेक खुर्च्या रिकाम्या दिसत होत्या. राहिलेल्या बायकांचे मात्र दोन तट पडले होते. एका तटाला काहीही दाखवलं तरी हसू येत होतं, दुसरा तट पहिल्याला गप्प बसवत होता. सोमणबाई पहिल्या रांगेच्या टोकाला वही काढून काहीतरी टिपून घेत होत्या. मी सिनेमा बघतच नव्हतो. मी ती तीन डोकी बघत होतो.

शेवट जवळ आला. वाढपी दोन वर्षांनी तुपाचं भांडं घेऊन मांडवात शिरला. दाढी वाढलेली, मागं म्हैस. खाली टाळ्या पडल्या. पडद्यावरच्या मुलाच्या आईनं त्याला विचारलं, "आधी एवढं सांग. त्या दिवशी तू तिकडून का सुरू केलंस?"

वाढपी म्हणाला, "सावली त्या बाजूला होती."

"खोटं!"

हे पडद्यावर नव्हतं. हे बाल्कनीत होतं. अंबुताई उठून उभ्या राहिल्या होत्या आणि पडद्याकडं बोट दाखवत होत्या. "साफ खोटं! मांडव आखूड पडला हुता. सावली आमच्या बाजूला हुती. माझ्या डोक्यावर चिंच हुती!"

"खाली बसा!" मागून कुणीतरी म्हणालं.

आणि मग माझी आई बोलली. बसल्या जागेवरून, पडद्याकडं बघत, पण मध्ये रजनीला न घालता.

"बरोबर हाय. सावली तुमच्याच बाजूला हुती."

अंबुताईंचं बोट तसंच राहिलं. त्या हळूच वळल्या. "उन्हात तर तुम्ही बसला हुता."

"हुते की. टाळू भाजत हुती."

"मग अशा कशा बसला उन्हात? तुमच्या दारात मांडव, तुमचं घर."

"तुम्हाला सावलीत बसवायचं हुतं म्हणून."

पडद्यावर म्हैस रेकली. बाल्कनीत कुणीही तिकडं बघितलं नाही. खालच्या बायकाही माना वर करून बघायला लागल्या होत्या, आणि सोमणबाईंनी वही मिटली होती.

अंबुताईंचा आवाज थोडा खाली आला. "मालनबाई, एवढं समजतं तुम्हाला. मग तूप खालनं वाढायला का सांगितलं? मी तवा विचारलं, 'ह्याला कुणी सांगितलं?' तर भर पंगतीत तुम्ही म्हणालात, 'मीच सांगितलं.' तेवढं ऐकलं आन् मी हात धुतला. चुकून झालं म्हणाला असता, तर मी कोरडा भात खाल्ला असता, देवाशपथ."

मी खुर्चीचे हात धरले. हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा आत डबा फोडत होतो. परत आलो तर अंबुताई उठलेल्या आणि आई खाली मान घालून बसलेली. मला वाटलं होतं, माझ्या चुकीचा राग त्यांनी आईवर काढला. आईनं ती चूक स्वतःच्या अंगावर घेतली होती, हे अकरा वर्षं तिनं मला कळू दिलं नव्हतं.

अंबुताई वाट बघत उभ्या. दोघींच्या मध्ये रजनी. आता मी रुमाल काढला असता, तर आई पुन्हा एकदा "व्हय, मीच सांगितलं" म्हणाली असती. तिचे ओठ तसे हललेही.

मी उभा राहिलो. मी शेवटच्या रांगेत होतो, आणि डोक्यामागंच मशीनचं भोक. माझ्या डोक्याची भली मोठी सावली पडद्यावर म्हशीच्या पाठीवर जाऊन बसली.

"ए, खाली बस की!" खालून ओरडा झाला.

"आईनं सांगितलं नव्हतं!" मी ओरडलो. "मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी माझ्या मनानं तिकडून सुरू केलं."

"का पण?" हे रजनीनं विचारलं.

दोनशे बायका, म्हणजे पाणी भरायला गेलेल्या वगळून एकशेऐंशी, माझ्याकडं बघत होत्या. मी त्या वेळी चौतीस वर्षांचा होतो, दोन मुलांचा बाप, सरकारी नोकर. माझे कान इतके तापले की हात लावला असता तर चटका बसला असता.

"त्या टोकाला आईशेजारी एक मुलगी बसली होती. हिरव्या साडीतली. मला ती... मला वाटलं, आधी तिकडं गेलो तर..."

"आमची शालन?" अंबुताईंनी विचारलं. "माझी भाची?"

मी मान हलवली. सावलीनंही पडद्यावर मान हलवली.

मग अंबुताईंनी तोंडाला पदर लावला आणि त्यांचे खांदे हलू लागले. "आरं माझ्या कर्मा! शालननं तर चष्मा काढून ठेवला हुता त्या दिवशी. फोटोत चांगलं दिसावं म्हणून. तिला समोरचं पान दिसत नव्हतं, ती तुला काय बघणार?"

जे हसू फुटलं ते हेमंतच्या सिनेमाला पुण्यात, मुंबईत, कुठंही मिळालं नव्हतं. खालच्या बायका खुर्च्या बडवत होत्या. बोध विचारणाऱ्या सोमणबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. रजनी हसत होती की रडत होती ते मला अंधारात कळलं नाही, आणि तिलाही कळलं नसावं.

हसू ओसरल्यावर अंबुताई आईच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"तुम्हाला ठावं हुतं?"

"माझ्या शेजारीच बसली हुती की पोर," आई म्हणाली. "हा भांडं घेऊन आला, माझ्या पानावर तूप घातलं आन् नजर तिच्यावर. भात सोडून माझ्या हातावर वतलं यानं. आईला काय सांगाय लागतंय?"

"मग तवाच का न्हाई बोलला? पोराचा कान धरायचा, 'चुकला' म्हणायचं. मिटलं असतं."

"तुम्ही विचारलं असतं, कशापायी चुकला. चाळीस बायकांत पोरीचं नाव निघालं असतं. लग्न न झालेली पोर, ती बी तुमच्या घरची." आईनं पिशवीचे बंद सारखे केले. "माझं नाव खराब झालं तर माझी लेक तुमच्यात नांदायला आलीच हुती. त्या पोरीचं खराब झालं असतं तर?"

अंबुताई आईच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या, रजनीला तिथून उठवून. मग त्यांनी कमरेची चंची सोडली, तीत हात घालून तिळगुळाची एक वडी काढली आणि आईच्या तळहातावर ठेवली. आईनं ती लगेच तोंडात टाकली.

"कडक झालाय पाक," आई म्हणाली.

"व्हय. औंदा गूळच तसला आला."

खाली दिवे लागले. पडद्यावर सिनेमा कधी संपला ते कुणालाच कळलं नाही. आम्ही एवढ्या मेहनतीनं केलेला शेवट त्या दिवशी कऱ्हाडात एकाही बाईनं बघितला नाही. बाहेर पडताना मतं तशीच दोन तटांत राहिली. कुणी म्हणालं लई भारी, कुणी म्हणालं पैसे परत द्या. सोमणबाई मात्र माझ्यापाशी थांबल्या. "सिनेमा सुमार आहे," त्या म्हणाल्या, "पण कार्यक्रम चांगला झाला." तीनच्या खेळाला आलेल्या बायका जिन्यात ताटकळत होत्या. त्यांच्यातल्या एकीनं डोअरकीपरला विचारलेलं मी या कानांनी ऐकलं, "त्या दोन विहिणी सगळ्या खेळांना असत्यात का?"

सिनेमा आठवड्याच्या आत उतरला. हेमंतला मी फोन करून सांगितलं की कारण खरंच कच्चं होतं. "मग खरं काय होतं?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "नालायका, हे आधी सांगितलं असतंस तर सिनेमा चालला असता."

माघात रजनीच्या नव्या घरी वास्तुशांत झाली. मलाही शेवटी आवतण आलं. अंगणात मांडव होता, चांगला लांब, सगळ्यांवर सावली. विहिणींची पंगत बसली. अंबुताईंनी आईला वरच्या टोकाला स्वतःच्या पाटावर बसवलं. मधोमध शालनताई होत्या, दोन मुलं घेऊन, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांनी चष्मा सारखा करून मला नीट निरखलं. "हेच का ते?" असं शेजारणीला विचारलं, आणि जे दिसलं त्यावर काही न बोलता पापड मोडला.

वरण-भात वाढून झाला. तुपाचं भांडं घेऊन मी मांडवात आलो आणि चाळीस बायका एकदम ओरडल्या, "तूप येतंय!"

मी वरच्या टोकाकडे निघालो तसं अंबुताईंनी पुढं होऊन माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं.

"तू बस. तुझा काय भरवसा न्हाई."

त्या आईसमोर वाकल्या. आईनं भाताच्या मुदीत बोटानं आळं केलं. अंबुताईंनी धार धरली. पंगतीत अशा वेळी तूप घेणाऱ्यानं हात आडवा धरून "पुरे" म्हणायचं असतं, आणि वाढणाऱ्यानं मग थांबायचं असतं.

आळं भरलं. तूप भातावरून उतरून वरणात गेलं, वरणातून भाजीकडं निघालं. आई पुरे म्हणेना आणि अंबुताई थांबेनात.